दोन लाद्या

"पाटावरून उठायचं नाही हं, मृणू," मेघनाने सातव्यांदा बजावलं. मृणू मुळात हललीच नव्हती. काळा फ्रॉक, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, अशा थाटात चार वर्षांची व्हायला आलेली मृणालिनी भिंतीला पाठ टेकून बसली होती. चाळीतली आठ पोरं समोर घोळका करून उभी होती आणि ती त्यांच्या पायांकडे बघत होती. कुणाचा पाय कुठल्या लादीवर आहे, ते बघत होती.

हे फक्त मेघनाला कळत होतं.

बोरन्हाण खरं तर केव्हाच व्हायला हवं होतं. पण पहिल्या संक्रांतीला सासरे गेल्याला वर्ष झालं नव्हतं, आणि पुढच्या दोन संक्रांती करोनाने खाल्ल्या. तेव्हा मेघना परळच्या एका इस्पितळात दिवसभर लोकांच्या नाकात काड्या घालून नमुने घ्यायची. लालबागला घरी आली की नुकतीच चालायला लागलेली मृणू दुडुदुडु धावत यायची. "थांब! दोन लाद्या!" मेघना ओरडायची. पोर दोन लाद्या सोडून थांबायची. आंघोळ झाली की तुला घेते, असं कबूल केलेलं असायचं. पण आंघोळ झाली तरी मेघनाच्या मनातली भीती काही धुतली जायची नाही. "अजून एकदा करून येते हं," म्हणून ती पुन्हा मोरीत शिरायची. बाहेर येईपर्यंत मृणू आजीच्या मांडीवर झोपलेली असायची. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, दीड वर्ष हेच चाललं. आजार घरात आला नाही, म्हणून सगळ्यांनी मेघनाची पाठ थोपटली.

गेल्या आठवड्यात बालवाडीच्या दीपिका टीचरनी तिला बाजूला घेतलं. "हुशार आहे हो मुलगी. पण कोणाला जवळच येऊ देत नाही. डबा पण एकटीच खाते कोपऱ्यात. एकदा डॉक्टरना दाखवून घ्या ना."

हे मेघनाने नवऱ्याला, हितेंद्रलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिने मनातल्या मनात कौल लावून ठेवला होता. आज बोरं लुटताना मृणू पोरांत मिसळली, तर काही बिघडलेलं नाही. नाही मिसळली, तर ते आपलंच पाप.

सासूबाईंनी, कमलाबाईंनी, ओवाळलं आणि चुरमुरे, बोरं, गोळ्या यांनी भरलेलं भांडं नातीच्या डोक्यावर उपडं केलं. पोरांनी एकच झुंबड उडवली. शेजारच्या दर्शनाचा वैभव तर थेट मृणूच्या मांडीवरच्या चॉकलेटवर झेपावला.

"दोन लाद्या!" मृणू किंचाळली. तिने एका हाताने नाकतोंड झाकून धरलं होतं. "दोन लाद्या! दोन लाद्या!"

पोरं दचकली. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि पोरंच ती, "दोन लाद्या, दोन लाद्या" म्हणत नाचायला लागली. मेघना तिला उचलायला धावली. मृणूने दुसरा हात तिच्यासमोर आडवा धरला.

"तू पण!"

मेघना जागच्या जागी थांबली. आपण घातलेला नियम असा आपल्याच अंगावर येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

दर्शनाने वैभवच्या पाठीत धपाटा घातला. "सॉरी गं मेघना, येडाच आहे हा," असं म्हणून ती सगळ्या पोरांना घेऊन गेली. खोलीत चुरमुऱ्यांचा सडा उरला.

"चेडू खेळाक लागला काय सगळा इसारतला गो," कमलाबाई नातीबद्दल मालवणीत म्हणाल्या, पण सुनेकडे न बघता.

मृणू अजून पाटावरच होती. मेघना दोन लाद्या सोडून खाली बसली. तिला रडू येत होतं आणि रडायची भीतीही वाटत होती.

"मृणू, घेऊ तुला?"

"आंघोळ केलीस?"

"सकाळीच केली की. आज सुट्टी आहे ना मला."

मृणूने थोडा विचार केला. "अजून एकदा करून ये हं," ती म्हणाली. अगदी मायेने म्हणाली, मेघना म्हणायची तशीच.

"अगो, आता तिन्हीसांजेक?" कमलाबाई म्हणाल्या. पण मेघना उठलीच. पाणी तापवायलाही थांबली नाही. थंड पाण्याचे तांबे अंगावर घेताना तिचा कान बाहेर होता. आता ही आजीच्या मांडीवर जाऊन झोपेल, या धास्तीने तिने घाईघाईने आंघोळ उरकली, ओल्या अंगावरच गाऊन चढवला आणि मोरीचा पडदा सारला.

मुकुट तिरका झालेली मृणू समोर उभी होती. हात होईल तेवढा लांब करून तिने टॉवेल पुढे धरला होता.

मेघनाने आधी खाली पाहिलं. दोघींच्या मध्ये एकच लादी होती. तिने टॉवेल घेतला आणि पाऊल न उचलता, होती तिथेच केस पुसत उभी राहिली.