दोष काकूंच्या डोळ्यांचा

इमारतींचे नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसात काकूंना एकवीस वर्षं झाली होती. दीड महिन्यापूर्वी त्यांचा मॉनिटर बिघडला. मधूनच थरथरायचा, काळा पडायचा, पुन्हा उजळायचा. साहेब येऊन बघायचे तेव्हा मात्र शहाण्यासारखा गप्प!

"काकू, वय झालं. डोळे तपासून घ्या," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले आणि इस्पितळाच्या इमारतीचं काम काकूंकडून काढून त्यांनी शेजारच्या जाड्याला दिलं.

काकूंनी डोळे तपासून घेतले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठणठणीत आहेत. तुम्हाला पाठवलं कोणी?"

काकूंच्या डोक्यात तिडीक गेली.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी ऑफिसात आल्या. आपला मॉनिटर जाड्याच्या कॉम्प्युटरला, जाड्याच्याच केबलने जोडला. अर्धा तास चित्र जरासुद्धा हललं नाही. म्हणजे मॉनिटर चांगला. मग आपली केबल ओढली, तर ती निघेना. खाली वाकून बघतात, तर टेबलाचा पाय नेमका केबलवर! ती चेपून आतल्या तारा बाहेर आल्या होत्या. दीड महिन्यापूर्वी टेबलं सरकवायला लावली होती साहेबांनीच.

टेबल उचलून तीच केबल त्यांनी जाड्याच्या मॉनिटरला लावली. जाड्या आला आणि ओरडला, "काकू, माझाही गेला!"

"गेला नाही. दोष या केबलचा आहे," म्हणत काकूंनी ती उपटली आणि तडक साहेबांच्या टेबलावर आपटली.

साहेबांनी ती उलटसुलट बघितली. "एवढंच होय? मग नवी घ्या की!"

"एवढंच? दीड महिना मला आंधळी ठरवलंत! चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत, आणि म्हणता एवढंच?"

"आवाज खाली, काकू."

"नाही करणार! बाहेर चला. जे सगळ्यांदेखत बोललात, ते सगळ्यांदेखतच मागे घ्या. आणि माझं काम मला परत द्या."

साहेब बाहेर आले. जमिनीकडे बघत पुटपुटले, "काकूंची चूक नव्हती. केबल खराब होती." कोणीतरी खाकरलं. जाड्याने मात्र इस्पितळाची फाइल आणून दिली. "घ्या काकू. त्यातले जिने मला जमतच नव्हते."

नवी केबल लागली. चित्र स्थिर झालं, पण काकूंचा हात संतापाने थरथरत होता. पहिली रेघ वाकडी गेली. पुसली. दुसरीही वाकडीच. मग त्या दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसून राहिल्या, आणि कोणाचीही जवळ जायची छाती झाली नाही.