सहावं मशीन

रुग्णालयाचे संगणक सांभाळणाऱ्या थोरलीनं पाचवं मशीन जुन्या सर्व्हरवर सरकवलं आणि सुस्कारा सोडला. वर वॉर्डात कुणाला पत्ताही लागला नव्हता. ही मशीनं म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारे संगणकच; चालू असतानाच एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येणारे. नव्या सर्व्हरचे पंखे सकाळपासून आचके देत होते, तेव्हा बाराच्या आत तो रिकामा करणं भाग होतं.

सहावं मशीन मात्र अडून बसलं. ते रुग्णालयाच्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेचं होतं.

"याला काय झालं रुसायला?" पंखे बदलायला आलेल्या तंत्रज्ञानं विचारलं.

"नव्या प्रोसेसरच्या सवयी लागल्यात याला. जुन्याला त्या झेपत नाहीत."

तिनं पडद्यावरचा नकार पुन्हा वाचला. नव्या सर्व्हरनं आपलं जास्तीचं कसब झाकून जुन्याइतकंच दाखवावं, अशी सोय तिनंच करून ठेवली होती. पण हे मशीन त्या सोयीच्या आधीपासून सुरू होतं, आणि ते एकदा बंद करून चालू करायचं ती साफ विसरली होती. आता पूर्ण बंद करायचं आणि जुन्यावर नव्यानं सुरू करायचं. चार मिनिटं, तीही ऐन कामाच्या वेळी.

प्रयोगशाळेची प्रमुख म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण. दोनच मजले वर बसायची, पण दोन वर्षं दोघींचा सगळा व्यवहार ईमेलवर चालला होता, 'महोदया'पासून 'आपली विश्वासू'पर्यंत. आईच्या आजारपणात थोरली फोनवर रोज "बरी आहे गं" म्हणत राहिली. धाकटी बढतीच्या परीक्षेसाठी परगावी होती, तिच्या जिवाला घोर नको म्हणून. धाकटी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"मी करू का फोन?" तंत्रज्ञ म्हणाला. "तांत्रिक अडचण म्हणायचं नि मोकळं व्हायचं. कोण खोदून विचारतंय?"

खरंच कुणी विचारलं नसतं. थोरलीनं रिसीव्हर उचलला, ठेवला, फोनमधून दिसणार असल्यासारखी ओढणी नीट केली आणि नंबर लावला.

"मी बोलतेय. तुमचं मशीन चार मिनिटं बंद करावं लागेल. चूक माझी आहे. एक काम मागेच करायचं होतं, ते राहिलं. तुला आधी सांगायला हवं होतं."

पलीकडून यंत्रांची घरघर ऐकू येत होती. धाकटीनं कुणाला तरी नमुने थांबवायला सांगितलं.

"कर बंद."

थोरलीनं मशीन बंद केलं. फोन ठेवायचा तिच्याकडून राहूनच गेला. पलीकडूनही कुणी ठेवला नाही. तंत्रज्ञ पेचकस शोधायच्या निमित्तानं बाहेर गेला.

"ताई," धाकटी म्हणाली, "आई त्या आठवड्यात जेवत होती का?"

"नाही गं. दिवसाला चार चमचे पाणी, तेही मी बळंबळं पाजायचे. तुझी वाट बघायची. दार वाजलं की मान वळवायची."

एवढ्यात मशीन उभं राहिलं. अडीच मिनिटंच झाली होती, आणि वर कुणी मुद्दाम तपासल्याशिवाय ते कळणार नव्हतं. थोरलीला वाटलं, उरलेलं दीड मिनिट तेवढं बोलण्यासाठी ठेवून घ्यावं. तिचा जीव अगदी त्यात अडकला.

"झालं गं सुरू," ती म्हणाली. "थांबवलेलं काम घ्या पुढे."

धाकटीनं तसं कुणाला तरी सांगितलं. तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार आतून लोटून घेतल्याचा.

"हं," ती म्हणाली. "मान वळवायची. मग?"