दोन प्रोसेसर, एक खुर्ची

सुदर्शनला दोन प्रोसेसरच्या कॉम्प्युटरचं वेड लागलं त्याला महिना होत आला होता. नांदेडच्या त्याच्या व्हिडिओ एडिटिंगच्या दुकानात नुसता चहा प्यायला आलेला माणूसही त्यातून सुटत नसे. जुन्या सर्व्हरमधून निघालेले दोन दणकट प्रोसेसर एकाच मदरबोर्डवर बसवले की काम निम्म्या वेळात, असं त्याचं साधंसोपं गणित. उमरीकडच्या त्यांच्या गावातही बातमी पोचली होती. "दोन डोक्यांचं यंत्र आनतो म्हणं तू?" असं वडिलांनी, दगडोबांनी, फोनवर विचारलंसुद्धा होतं. मशीन जन्माला यायचं होतं, पण बारसं होऊन गेलं होतं.

त्याची धाकटी बहीण उज्वला हे सगळं ऐकत होती आणि गप्प होती. तेवढ्याच पैशात एकेक प्रोसेसरची दोन साधी मशीनं येत होती. दोन मशीनं म्हणजे दोन खुर्च्या. दीड वर्ष ती दादा जेवायला गेला, शूटिंगला गेला की त्याच्या खुर्चीत बसून व्हिडिओ कापायची आणि तो आला की उठायची. लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या लेक्चरचं मोठं काम मिळालं, तेही तिनं केलेला नमुना बघून. हे दोघांनाही ठाऊक होतं, पण बोलून कुणी दाखवलं नव्हतं.

दगडोबांनी मात्र स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "दुकानात पोरीला काम असंल तर राहू दे. नसंल तर पाठीव गावाकडं. किनवटचं स्थळ आलंय, रविवारी पाव्हणे यायलेत."

आज शुक्रवार होता. एक मोठं मशीन घेतलं की खुर्ची एकच राहणार आणि परवा तिला गावाकडची गाडी धरावी लागणार, हे तिला दिवसासारखं स्वच्छ दिसत होतं.

लातूरला मल्लिनाथचं कॉम्प्युटर बांधून देण्याचं दुकान होतं, सकाळच्या गाडीनं दोघं तिथं आले होते. त्यानं टेबलावर दोन्ही मशीनं शेजारी शेजारी जोडून ठेवली होती. डावीकडं साधं नवं, उजवीकडं दोन प्रोसेसरचं, उघड्या पोटाचं, पंखे गरगरणारं.

"तीन वाजेपर्यंत टेबल तुमचं," मल्लिनाथ म्हणाला. "तुमचंच काम लावून बघा. पसंत पडलं तर आजच सांगा, उदगीरचा एक जण या दोन प्रोसेसरवाल्यासाठी सारखे फोन करून राहिला."

सुदर्शन बहिणीकडं वळला. "फाइल तू दे. कशाला किती वेळ लागतो ते तुझ्याइतकं मला बी ठाव न्हाई."

हार्डडिस्कवर दोन फोल्डर होते. पहिल्यात कापायला घेतलेलं एकच लेक्चर होतं, फळ्यावरची अक्षरं, आकृत्या असे थरावर थर चढवलेलं. मशीनला ते थर एकामागून एकच जोडावे लागतात, त्या कामाला एकच पण चपळ प्रोसेसर लागतो, दुसरा नुसता बसून राहतो. दुसऱ्या फोल्डरमध्ये कापून तयार असलेली बारा लेक्चरं होती. ती एकदम एक्सपोर्ट करायची, म्हणजे त्यांचे तयार व्हिडिओ बाहेर काढायचे. ते काम वाटून घेता येतं आणि तिथं उजवीकडचं मशीन पळालं असतं. दोन्ही कामं त्यांची रोजचीच होती.

तिनं पहिला फोल्डर उघडला.

"आन् ती बारा लेक्चरं?" सुदर्शननं विचारलं.

"ती नांदेडलाच राहिली."

एवढं सफाईनं खोटं बोलता येतं हे तिला स्वतःलाही आजवर माहीत नव्हतं.

डावीकडचं मशीन चौदा मिनिटांत मोकळं झालं. उजवीकडच्याला एकवीस लागली. ती शेवटची सात मिनिटं सुदर्शन पडद्यावरची पट्टी डोळ्यांनी ढकलत होता. पंखे मात्र असे घोंगावत होते, जणू सगळं गाव तेच नांगरतायत.

"जुने प्रोसेसर हायेत भाऊ, एकट्याची चाल धिमी," मल्लिनाथ म्हणाला. "वाटून घ्यायचं काम असतं तर..."

"न्हाई, राहू द्या." सुदर्शनचा चेहरा पार उतरला होता. "उगं महिनाभर येड्यावानी करून राहिलो मी. दोन साधीच बांधा."

उज्वला जिंकली होती. पण दादानं एकही उलटा प्रश्न विचारला नाही, हे तिला सोसेना. त्यानं भांडण केलं असतं तर ती खोट्याला घट्ट धरून बसली असती. त्यानं नुसता विश्वास ठेवला आणि तिचा जीव कासावीस झाला.

"दादा, थांब," ती म्हणाली. "ती बारा लेक्चरं हायेत. ह्याच डिस्कमधी."

मल्लिनाथला एकाएकी दुकानाच्या दाराशी काहीतरी काम आठवलं.

अडीच वाजत आले होते. "लाव," सुदर्शन म्हणाला. तिच्याकडं न बघता म्हणाला.

दोन्हीकडं एकदम सुरू केलं. उजवीकडच्या मशीननं बाराच्या बारा व्हिडिओ तेरा मिनिटांत बाहेर काढले. डावीकडचं तेव्हा कुठं निम्म्यावर आलं होतं.

"खोटं कशाला बोललीस?"

"एकच मशीन आलं तर मला उठावं लागंल. ह्या टायमाला कायमचं."

"मग तोंड न्हाई का तुला? सरळ बोलायचं."

"बोलले असते तर ऐकलं असतंस तू?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आता लाज गेलीच होती, तर बोलून टाकावं असं तिनं ठरवलं. "बारा लेक्चरं काढायला तेरा-चौदा मिनिटं वाचतात, खरं हाय. पर ते काम तू जेवायला गेलास तरी व्हतं. एक लेक्चर कापायला माणसाचे तीन तास जातात, आन् दोनशे लेक्चरं राहिलीत. प्रोसेसर दोन टाक न्हाईतर चार टाक, म्होरं बसणारा तू एकटाच."

सुदर्शननं मोबाइल काढून हिशेब केला. सहाशे तास. रोजचे दहा धरले तर साठ दिवस, दोघं बसले तर तीस. क्लासची नवी बॅच पस्तीस दिवसांवर होती. त्यानं पुन्हा एकदा तेच आकडे टाकले, आणि उत्तर अर्थातच तेच आलं. वेडाच्या भरात एवढी साधी गोष्ट त्याला महिनाभर सुचली नव्हती. आणि खरं बोलूनच जिंकता आलं असतं, हे उज्वलाला आत्ता कळत होतं. तिला स्वतःचाच संताप आला.

"मल्लिनाथभाऊ, दोन साधी," सुदर्शननं हाक मारून सांगितलं. "ह्ये मोठं मशीन उदगीरवाल्याला द्या."

मग तिथंच उभ्या उभ्या त्यानं गावाकडं फोन लावला. "बाबा, रविवारी उज्वला यायची न्हाई. तिचं काम हाय नांदेडला. न्हाई, माझं न्हाई, तिचं."

तिला वाटलं, पळत जाऊन त्याचा हात धरावा. पण फोन खिशात टाकून तो सरळ बाहेर पडला होता.

स्टँडपर्यंत दोघं चालत गेले. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. सुदर्शन बोलत नव्हता, पण रागावल्यासारखाही दिसत नव्हता. वाटेत त्यानं दोन ग्लास उसाचा रस घेतला, एक तिला दिला. बरंच झालं, ती मनाशी म्हणाली, मिटलं.

"साडेचारला हाय नांदेडची गाडी," ती म्हणाली. सकाळी उतरतानाच तिनं पाटीवर बघून ठेवलं होतं.

"हाव," सुदर्शन म्हणाला. हातातली बॅग त्यानं तिच्याजवळ बाकड्यावर ठेवली आणि चौकशीच्या खिडकीशी जाऊन त्यानं नांदेडच्या गाडीची वेळ स्वतः विचारून घेतली.