नवरी पाठीवर

आमच्या स्कोरथांग गावाचा ओढा जुलैतच आटतो. शेजारच्या हरचुंगचा ओढा मात्र छपरावरचे जर्दाळू वाळून पोत्यात गेले तरी गर्जत असतो. खाली पुलापाशी दोन्ही मिळतात आणि एकत्र शिगर नदीत जातात. म्हणजे पाणी त्यांचं, आम्ही फक्त नातेवाईक.

त्या हरचुंगच्या हाजी मुहसिनची मुलगी झैनब मला हवी होती. लग्न करून तिला स्कोरथांगला आणायचं, एवढंच माझं म्हणणं. मी तसा बराच बोलतो. हाजींनी सगळं ऐकून घेतलं नाही. मध्येच म्हणाले, “तुझ्या गावात मुलगी भांडी कशानं घासणार? तुझ्या बोलण्यानं?”

हे कळल्यावर माझे आजोबा, आपो हैदर, म्हणाले की आधी बर्फाचं लग्न लावू, ओढा वाहता होऊ दे.

दगडमातीनं काळवंडलेला बर्फ नर, निळसर पांढरा बर्फ मादी. दोघांना उंचावरच्या सावलीच्या खबदाडीत एकत्र ठेवायचं, वर कोळसा आणि भुसा घालायचा. पटलं, तर दहा-बारा वर्षांत संसार वाढून नवी हिमनदी होते. नवरा आमच्या डोंगरावर होता. नवरी फक्त हरचुंगच्या.

म्हणून आम्ही मागणी घालायला गेलो. हाजींनी मिठाचा चहा दिला आणि मुलीच्या बापासारखे सावरून बसले. मुलाचा स्वभाव विचारला.

“शांत आहे,” आपो म्हणाले. “जागचा हलत नाही.”

“कमावतो काय?”

“आत्ता काही नाही. बायको आली की पाझरेल.”

हाजींना स्थळ पसंत पडलं. मी म्हटलं, आता माझंही बघा. ते म्हणाले, तुझं वाटेत बोलू.

आता नियम असा, की बर्फाची टोपली वाहणाऱ्यानं ती जागेवर पोचेपर्यंत जमिनीवर टेकवायची नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. नाहीतर लग्न मोडतं. नवरा आपोंनी पाठीवर घेतला, वय झालं असूनही, हट्टच धरला. नवरी माझ्या पाठीवर. माझ्या पाठीबद्दल गावात कुणाला शंका नव्हती, तोंडाबद्दल होती.

चढ सुरू झाला आणि हाजी माझ्या शेजारी आले. नवरीचे वडील असल्यामुळे त्यांना टोपली नव्हती. म्हणजे त्यांना बोलता येत होतं.

त्यांनी सावकाश सांगितलं की झैनब ते मला देतील. पण ती स्कोरथांगला येणार नाही, मी हरचुंगला यायचं. त्यांचे झो, अर्धे याक अर्धे बैल, राखायचे, शेताला पाणी लावायचं, आणि जेवताना कमी बोलायचं.

“हरकत असेल तर आत्ताच बोल,” ते म्हणाले आणि थांबून खरोखर वाट पाहिली.

मी डोळे मोठे केले, नाही-नाही अशी मान हलवली. ते म्हणाले, नवरी गार लागत असेल. मी आपोंकडे पाहिलं. ते नवरदेव घेऊन चालत होते, पुतळ्यासारखे गप्प.

वर खबदाडीत दोघांना शेजारी ठेवून भुसा पसरल्यावर मी म्हटलं, मला हे मान्य नाही. हाजी आमच्याबरोबर आलेल्या, गावाचे निकाह लावणाऱ्या आखोंदसाहेबांकडे वळले.

“निकाहात मुलगी गप्प राहिली की होकार धरता ना?”

“धरतो.”

“मग याचा का नाही?”

आखोंदसाहेबांनी विचार केला. म्हणाले, हा पोरगा एवढा वेळ गप्प राहिला, म्हणजे मनापासूनच असणार. मी आपोंना म्हटलं, तुम्ही तरी बोला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि भुशाकडे पाहत कुजबुजले, “नव्या सुनेसमोर भांडू नये. विरघळेल.”

निकाहानंतर मी झैनबपाशी वडिलांचा कावा सांगून रडगाणं गायलो. तिनं शांतपणे ऐकलं.

“अब्बांना काय सुचतंय? अट माझीच,” ती म्हणाली. “ओढा येईपर्यंत बारा वर्षं मी हंडे वाहायचे होय? टोपली तुलाच द्या, हेही आपोंना मीच सांगितलं होतं.”

तर आता मी हरचुंगच्या शेतांना पाणी लावतो. पाणी भरपूर आहे, तक्रार करायला जागा नाही. तरी मी करतो. आपो गावात सांगतात, घरात सून आली, गोरीपान आहे, आवाज नाही. माझ्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणतात, पोरगा दिला ना तिकडे.

कधीतरी आम्ही पुलावर भेटतो. एका बाजूनं धो धो पाणी येत असतं, दुसऱ्या बाजूला कोरडे दगड.

“पाझरली का?” मी विचारतो.

“लाजतेय अजून,” आपो म्हणतात.