सव्वातीनचा नंबर

रविवारी दुपारी वाळलेल्या चादरीची दोन टोकं नवऱ्याच्या हातात देऊन सिस्टर म्हणाली, "मी सैन्यात जायचं म्हणतेय."

नवऱ्याने चादर ताणली. "का, कुणाशी बिनसलं तुझं?"

"थट्टा नको. खरंच सांगतेय."

टोकाला टोक जुळवायला दोघं जवळ आली तेव्हा त्याने तिचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू ओठांतच विरलं.

ती एक्केचाळीसची, तो सेहेचाळीसचा. मोठ्या इस्पितळातल्या हाडांच्या वॉर्डात ती वीस वर्षं नर्स होती, त्यातली शेवटची सहा मुख्य नर्स. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. दूधवाला म्हणायचा, वाणी म्हणायचा, आणि त्यांचं ऐकून ऐकून तिची सासूसुद्धा म्हणायला लागली होती. नवऱ्याचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान. पुढे काउंटर, पडद्याआड डोळे तपासायची उंच खुर्ची आणि अक्षरांचा तक्ता, त्याच्याही मागे काच घासायचं मशीन. गिऱ्हाइकं त्याला चष्मेवाले म्हणत. एकुलती एक मुलगी शिकायला बाहेरगावी गेली होती. घरात उरली होती ही दोघं आणि त्याची आई.

सैन्याच्या इस्पितळांना अनुभवी नर्स कमी पडत होत्या, म्हणून वयाची अट एक्केचाळीसपर्यंत वाढवली होती. आधी तीन महिने प्रशिक्षण, मग चार वर्षं नोकरी. दोन किलोमीटर चौदा मिनिटांत पळायचं, मुलाखत द्यायची, तब्येतीची तपासणी करून घ्यायची. सिस्टरने हे सगळं एका दमात सांगितलं.

"पण का?" त्याने विचारलं.

"गेल्या वर्षी ते ट्रक उलटून जखमी झालेले जवान आणले होते आमच्याकडे, आठवतं? सतरा जण होते. त्यांच्याबरोबर त्यांची एक नर्स होती, माझ्यापेक्षा मोठी. तीन दिवस आम्ही खांद्याला खांदा लावून काम केलं. जाताना मला म्हणाली, तुमच्यासारखे हात आमच्याकडे हवे होते. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण ते काही डोक्यातून जाईना." तिने चादर त्याच्या हातातून घेतली. "माझ्या वॉर्डातल्या कुठल्या खाटेचं कुठलं चाक करकरतं, ते मी झोपेत सांगेन. माझ्या हाताखाली शिकलेल्या चौघी आता वॉर्ड सहज सांभाळतील. मला एकदा बघायचंय, हे हात आणखी कुठे उपयोगी पडतात. पुढच्या वर्षी मी पाया पडले तरी कुणी घेणार नाही."

"बघू," तो म्हणाला.

त्याच्या 'बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. 'बघू' म्हटलेलं कपाटाचं दार सात वर्षं लोंबकळत होतं.

सासूबाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "शिंगं मोडून वासरांत शिरायची हौस! अगं, सगळ्या विशीतल्या पोरी असतील तिथे. तुला मावशी म्हणतील."

"म्हणू देत," सिस्टर म्हणाली. "इथे सगळे सिस्टर म्हणतात, तिथे मावशी. नात्यातलीच राहीन."

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे शाळेच्या मैदानावर पळायला जायला लागली. एकटीने कशाला जायचं म्हणून चष्मेवाला घड्याळ घेऊन सोबत निघाला. पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीतच तिला धाप लागली. कमरेवर हात ठेवून, लालबुंद तोंडाने ती त्याच्याकडे बघून हसली, आणि त्याच्या मनात आलं, सुटलो. दोन किलोमीटर म्हणजे त्या मैदानाच्या पाच फेऱ्या. ही काही जमायची गोष्ट नव्हे. आपण होऊन सोडेल. मग तो मोठ्या उत्साहाने तिला 'शाब्बास, शाब्बास' म्हणत राहिला. फुकटचं शाब्बास द्यायला काय जातं?

पण ती बाई वीस वर्षं आठ-आठ तास पायांवर उभी राहिलेली. दहाव्या दिवशी तिने तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या आठवड्यात पाच फेऱ्या, तेरा मिनिटं चाळीस सेकंद. तिने गुडघ्यांवर हात टेकून विचारलं, "किती?" त्याने खरं ते सांगितलं. ती उडी मारून त्याच्या गळ्यातच पडली, तीही भर मैदानात. घामाने भिजलेली, केस कपाळाला चिकटलेले. आणि या वेळी 'शाब्बास' म्हणायचं तो विसरला.

त्याच संध्याकाळी ती दुकानात आली आणि उंच खुर्चीत बसली. "माझे डोळे बघ एकदा. नंबर साडेतीनच्या वर असला तर तपासणीतच बाद करतात म्हणे. माझा दोन वर्षांपूर्वी सव्वातीन होता ना?"

"होता," तो म्हणाला. त्याने तिच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली. एकेक काच घालायची, काढायची. "ही बरी की ही?" "ही." "आता?" "आधीची." त्याचे हात सवयीने चालत होते. उजवा सव्वातीन. डावा सव्वातीन. दोन वर्षांत रेसभर फरक नव्हता. सगळ्यात खालची ओळ तिने गाणं म्हणावं तशी वाचून दाखवली.

"किती आला?"

काचा पेटीत ठेवायला तो पाठमोरा वळला होता. "पावणेचार," तो म्हणाला.

त्याचं त्यालाच नवल वाटलं. शब्द तोंडातून घरंगळल्यासारखे आले होते.

"दोन्ही?"

"दोन्ही."

ती नाकावरची जड फ्रेम काढायला लागली. मग उतरली, पदर सारखा केला. "राहिलं तर मग," ती म्हणाली. "तरी बरं, आधीच कळलं. उगाच तिथे जाऊन हात हलवत परत यावं लागलं असतं."

एवढंच. ती रडली नाही, चिडली नाही. घरी जाऊन तिने पोळ्या केल्या, सासूबाईंना औषध दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला जाग आली तर ती अंथरुणात उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडली होती. पळायचे बूट तिने माळ्यावर टाकले होते. चष्मेवाल्याला वाटलं होतं, एकदा विषय मिटला की आपल्याला हायसं वाटेल. पण जेवताना तो मान वर करेना. आई दोनदा म्हणाली, "काय रे, चोरी केल्यासारखा का जेवतोस?"

तिसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताना सिस्टर दुकानात डोकावली आणि चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "यात नव्या नंबरच्या काचा बसव. संध्याकाळपर्यंत जुन्या चष्म्यावर भागवते. सिरिंजमधलं औषध मोजायचं असतं मला. चुकीच्या नंबरावर नको बाई काम."

ती गेली. चष्मा तिथेच राहिला.

पंचवीस वर्षांत त्याच्या दुकानातून एक चुकीची काच बाहेर गेली नव्हती. लोक दोन गावं ओलांडून त्याच्याकडे येत ते त्याचसाठी. आता या चष्म्यात पावणेचारची काच घालायची म्हणजे आठवड्याभरात तिचं डोकं ठणकायला लागणार, सिरिंजवरच्या बारीक रेघा तिच्या नजरेसमोर हलणार. आणि सव्वातीनची घालून वर पावणेचार सांगायचं म्हणजे एका खोट्यावर दुसरं चढवायचं. दुपारपर्यंत त्याने तीन वेळा मशीन चालू केलं आणि तीन वेळा बंद केलं. चार वाजता त्याने शटर अर्धं ओढलं आणि इस्पितळाबाहेर जाऊन उभा राहिला.

ती सुटून बाहेर आली, त्याला बघून घाबरली. "आईंना काही झालं का?"

"नाही. हा घे." त्याने चष्मा पुढे केला. "काचा बदलल्या नाहीत. तुझा नंबर सव्वातीनच आहे. मी खोटं सांगितलं."

माणसं त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात-येत होती. सिस्टरने चष्मा घेतला, घातला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही?" ती म्हणाली.

इथे एक सांगायला हवं. चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणायची, आणि दोघंच असली की 'तू'. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून हे असंच होतं. त्या संध्याकाळी ती घरी आल्यावरही 'अहो'च म्हणाली. 'अहो, वाढलंय.' 'अहो, दिवा घालवा.' खोलीत तिसरं कुणी नसताना. चार दिवस तो ते 'अहो' ऐकत राहिला. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

आईपासून काय लपणार? तिने लेकाला बाजूला बोलावलं. त्याने सगळं सांगितलं. म्हातारी बोटाने पलंगाची कड चाचपायला लागली.

"तुझ्या बापाने मला शिवणाच्या कारखान्यात जाऊ दिलं नव्हतं," ती म्हणाली. "म्हणाला, तिथल्या धुळीने खोकला होईल. कारखान्यात धूळ नव्हतीच. मी नंतर एकदा आत जाऊन बघून आले होते."

"तू कधी बोलली नाहीस."

"कुणाला बोलायचं? चांगला होता रे तो. त्याला माझ्याशिवाय करमायचं नाही, एवढंच." तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जा. तिला खरं कारण सांग. नंबराचं झालं सांगून."

पाचव्या दिवशी पहाटे चष्मेवाल्याने स्टूल घेतलं, माळ्यावरून बूट काढले, फडक्याने पुसले आणि सिस्टरच्या उशाशी नेऊन ठेवले. ती उठून बसली. बुटांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"मला भीती वाटली," तो म्हणाला. "तुला काही होईल याची नाही. म्हणजे तीही वाटते. पण खरी भीती वेगळीच. पोरगी गेली. तू गेलीस की संध्याकाळी दुकान बंद करून मी घरी कशाला यायचं? चार वर्षांनी तू येशील तेव्हा तुझ्याकडे सांगायला केवढं काय काय असेल, आणि माझ्याकडे काय? अमक्याची काडी तुटली, तमक्याचा नंबर वाढला. तुला माझा कंटाळा येईल."

सिस्टर उठली. बूट चढवले, नाड्या बांधल्या. दारापाशी जाऊन थांबली.

"घड्याळ घे," ती म्हणाली. "आठवडा बुडालाय. आणि ऐक, काडी कुणाची तुटली ते मी बावीस वर्षं रोज ऐकत आलेय. कंटाळा यायचा असता तर केव्हाच आला असता, वेड्या. पण परत कधी माझ्या डोळ्यांबद्दल खोटं बोललास ना, तर चष्मा दुसऱ्याच्या दुकानातून करून घेईन."

याहून मोठी धमकी त्याला कुणी दिली नव्हती.

अर्जाला सहा दिवस उरले होते. दोघांनी मिळून तो भरला. भरतीच्या दिवशी तो तिच्याबरोबर गेला आणि फाटकाबाहेर इतर उमेदवारांच्या आईबापांमध्ये उभा राहिला. "तुमची मुलगी आहे का आत?" एका बाईने विचारलं. "बायको," तो म्हणाला, आणि ते म्हणताना ताठ झाला. आत सिस्टर तेरा मिनिटं बावन्न सेकंदांत पळाली, शेवटून दुसरी आली. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, तुमच्याहून वीस वर्षांनी लहान अधिकारी हुकूम देईल, चालेल का? ती म्हणाली, "माझ्या वॉर्डात मला रोज पंचवीस वर्षांचे डॉक्टर हुकूम देतात साहेब. बरोबर असला तर पाळते, चुकीचा असला तर हळूच कानात सांगते." साहेब हसले की नाही ते तिला कळलं नाही. डोळ्यांच्या तपासणीत नंबर निघाला सव्वातीन.

महिन्याभराने पत्र आलं. चष्मेवाल्याने ते दोनदा वाचलं, आईला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

जायच्या दिवशी बस सकाळची होती. सिस्टरने सासूबाईंच्या गोळ्यांचे डबे दिवसांप्रमाणे लावून ठेवले होते, आणि नवऱ्याला कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या ते तीनदा पढवलं होतं. पाया पडायला वाकली तशी सासूबाईंनी तिला वाटेतच धरलं. "कुणाला घाबरू नकोस. आणि जेवत जा वेळेवर. सैन्यात गेलीस म्हणून उपाशी राहायचं नसतं." मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "बघत काय बसलास? बॅग उचल."

बस सुरू झाली. तो खिडकीखाली उभा राहून म्हणाला, "पोचलीस की कळव." गावाला चाललेल्या माणसाला सांगतात तसं.

पहिले दोन आठवडे फोन करायला बंदी होती. त्या दिवसांत त्याने भाताची दोन पातेली करपवली, एकदा चहात मीठ घातलं, आणि सात वर्षांनी कपाटाचं दार बसवलं. तिसऱ्या रविवारी दुपारी फोन वाजला. आईने तो त्याच्या आधी उचलला.

"मावशी म्हणतात का?" तिने पहिलाच प्रश्न केला.

"नाही हो आई," पलीकडून सिस्टर हसत म्हणाली, "आज्जी म्हणतात! आणि पायाला फोड आला की सगळ्या माझ्याकडेच धावतात." मग सगळं भराभरा सांगितलं, खोलीत आठ जणी, अंघोळीला सहा मिनिटं, पळताना रोज शेवटी येते पण थांबत नाही. परवा एका पोरीचा खांदा निखळला तेव्हा डॉक्टर यायच्या आत हिने तो असा बांधून ठेवला, की डॉक्टरांनी विचारलं, कुणी बांधला? बोलताना तिचा आवाज आईला थोडा उंच वाटला, पोरीबाळींचा असतो तसा.

म्हातारीने डोळे टिपले आणि फोन लेकाच्या हातात दिला.

"बोल," तो म्हणाला.

"तू बोल. सांग काय चाललंय."

"काही नाही. समोरच्या मास्तरांच्या चष्म्यावर नातू बसला. दोन्ही काड्या गेल्या."

"मग?"

तो खुर्ची ओढून बसला, आणि मास्तरांचा चष्मा कसा सरळ केला ते तिला पहिल्यापासून सांगायला लागला.