कांद्याच्या रंगाची जर्सी

मी कास्तेलरूनाच्या गोलकीपरची जर्सी बोलतेय. अठ्ठावन्न साली आमच्या डोंगरातल्या गावाने फुटबॉल क्लब काढला, तेव्हा जर्स्या रंगवायला एकसारखा रंग मिळेना. मग डेल्फिनाने घरोघरची कांद्याची सालं गोळा केली आणि पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाचं पिठलं, शिजवायच्या तांब्याच्या कढईत आमची लोकर उकळली. दहाजणींची एकदा, माझी दोनदा. म्हणून मी जरा गडद.

खालच्या गावचे लोक आम्हाला ‘कांदे’ म्हणून चिडवायचे. पुढे आमचेच लोक ओरडू लागले, “चला कांद्यांनो, रडवा त्यांना.”

मला डेल्फिनाने तिच्या नवऱ्यासाठी, गोलकीपर ओरेस्तेसाठी विणलं होतं. आमच्याकडे जिंकलेली जर्सी धूत नाहीत. नशीब पाण्याबरोबर वाहून जातं म्हणे. पहिल्याच वर्षी आम्ही ओळीने सात सामने जिंकलो. आठवा जिंकलो असतो तर वरच्या गटात गेलो असतो. पण तोवर माझा वास असा झाला होता, की ओरेस्ते दारात आला की कोंबड्यासुद्धा बाजूला व्हायच्या. डेल्फिनाला राहवलं नाही. तिने मला कढत पाण्यात धुतलं आणि मी आटले. बाह्या ओरेस्तेच्या मनगटाच्या चार बोटं वरच राहिल्या. शेवटच्या मिनिटाला आमच्यावर गोल झाला आणि आठवा सामना गेला.

तेव्हापासून डेल्फिना पाव घ्यायला गेली की कुणीतरी विचारायचंच, “काय डेल्फिना, आज काय धुतलंस?” मी जेवणघरातल्या पेटीत गेले, ती कायमची.

यंदा पुरुषांचा संघ मोडला. गावात जवान पोरं आहेत कुठे? मुलींचा संघ उरला, त्याही मोजून अकरा. रविवारी तोही उतरला नसता तर क्लबचं नाव नोंदणीतून गेलं असतं. आणि गोलकीपर होती ओरेस्तेची नात, मिरेल्ला. आधीच्या सामन्यात तिने सहा गोल खाल्ले होते.

गुरुवारी जेवताना ती म्हणाली, “मी नाही जाणार. सगळं गाव मला बोलतंय.”

“मला पासष्ट वर्षं बोलतंय,” डेल्फिना म्हणाली. “तू सूप पी.”

ओरेस्तेने चमचा खाली ठेवला. “तो गोल बाह्यांमुळे नव्हता झाला. चेंडू माझ्या पायांमधून गेला.”

मला हे ठाऊक होतं. मी त्याच्या अंगावरच होते.

“आणि हे आत्ता सांगतोस?”

“सगळे तुझ्यावर रागावले होते. मला जरा बरं वाटत होतं.”

डेल्फिनाने भांडी पुसायचं फडकं त्याच्या टकलावर हाणलं. “उद्या पाव आणायला तू जा. तिथे हेच सांग. मोठ्याने.”

मिरेल्ला हसता हसता ठसकली. मग तिनेच पेटी उघडली. आटलेली मी तिला नेमकी बसले, बाह्या थेट मनगटापर्यंत.

शुक्रवारी ओरेस्ते पावाच्या दुकानात सांगून आला. कुणी हसलं नाही. दुकानदारीणबाईने डेल्फिनासाठी एक पाव जास्त बांधून दिला, तेवढंच.

रविवारी आम्ही चार गोलांनी हरलो. पण अकराजणी उतरल्या आणि क्लबचं नाव राहिलं.

आता मी दोरीवर वाळतेय. ओरेस्तेने धुतलंय. मिरेल्ला, एखाद्या रविवारी आपण जिंकूसुद्धा. त्या दिवशीही मला धू बाई. फक्त पाणी गार घे.