पदविकेच्या आड आलेली थुंकी

“मानवजातीच्या सगळ्या दुःखांवर शेवटी एकच औषध उरणार आहे,” एव्हान्थिया हातातला डाव उंचावून म्हणाली, “आणि ते म्हणजे कला!”

“तोवर गुडघ्याला काय लावू?” तिच्या नवऱ्यानं, पान्देलिसनं विचारलं.

एव्हान्थियानं मलमाची बाटली त्याच्यापुढे सरकवली आणि पुन्हा संगणकाकडे वळली. बेटावरच्या टपाल कचेरीत तिनं उभा जन्म काढला होता. तिकिटं विकता विकता साऱ्या गावाची गाऱ्हाणी ऐकली होती, तीही फुकट. निवृत्त झाल्यावर तिला कळलं, की या ऐकण्याचं रीतसर शिक्षण असतं, त्याची पदविका मिळते आणि वर रंगही वापरायला मिळतात. उत्तरेकडच्या एका थंडगार देशातल्या संस्थेत तिनं कलोपचाराच्या अभ्यासक्रमात नाव घातलं. धडे यायचे ते संगणकावर, निबंध जायचे ते संगणकावर, आणि निबंधांवरचे शेरेही संगणकावरच यायचे. ते जास्त थंड असायचे.

“दूरशिक्षण म्हणतात आणि सगळं माझ्या जेवणाच्या टेबलावर चाललंय,” पान्देलिस म्हणायचा. “दूर कुठंय ते?”

सरावासाठी तिनं पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्यालाच धरलं. “मनातला राग कागदावर उतरव,” असं सांगितल्यावर त्यानं नळ दुरुस्त करणाऱ्याचं चित्र काढलं. चित्र इतकं हुबेहूब होतं की ते लपवून ठेवावं लागलं. गावात नळ दुरुस्त करणारा तो एकटाच आहे.

शेवटचा टप्पा प्रत्यक्ष कामाचा होता. एक गट घ्यायचा, काही महिने चालवायचा आणि एका बैठकीचं चित्रण संस्थेला पाठवायचं. ज्येष्ठांच्या केंद्रातली मागची खोली नगरपालिकेनं तिला दिली, पण अटीवर. ईस्टरपर्यंत पदविका आली तर खोली तिची, नाहीतर सोंगट्या खेळणाऱ्यांची. सोंगट्यावाले तेव्हापासून रोज दारात डोकावून जायचे आणि “कसं चाललंय?” असं विचारायचे. त्यांच्या आवाजात काळजी असायची, पण ती एव्हान्थियाची नसायची.

गटात चौघंच. निवृत्त कोळी मिल्टोसकाका, दोन अविवाहित बहिणी, आणि पोलितिमीमावशी. मावशी नेमानं यायची, मांडीवर पर्स घेऊन बसायची आणि कशालाही हात लावायची नाही.

“मावशी, एक रेघ तरी ओढा.”

“तू चालू दे गं. मी खोली गरम असते म्हणून येते.”

एव्हान्थियानं कधी तगादा लावला नाही. घाई करायची नाही, असं चौथ्या धड्यात होतंच. आणि नेमकं चित्रणाच्या दिवशी मावशीनं पर्स खाली ठेवली, कुंचला उचलला आणि होडी काढली. होडीत तिचा नवरा, स्टेलिओस. त्याला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. चित्रातला स्टेलिओस तोंड वासून उभा होता.

“गातायत का?” एव्हान्थियानं हळूच विचारलं.

“छे! मला ओरडतोय. डबा विसरले होते मी.” आणि मावशी हसली. इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.

मग मिल्टोसकाका उठले, चित्रावर वाकले आणि हलकेच म्हणाले, “फ्तू, फ्तू, फ्तू.” पाठोपाठ दोघी बहिणी. “फ्तू, फ्तू, फ्तू.” मग स्वतः एव्हान्थिया.

चांगलं काही दिसलं की दृष्ट लागू नये म्हणून त्यावर तीनदा थुंकायचं, म्हणजे थुंकी न उडवता नुसता आवाज करायचा, हे त्या बेटावर पाळण्यातल्या बाळालाही ठाऊक असतं. सगळ्यात जास्त थुंकलेलं त्याच्यावरच असतं. तेव्हा एव्हान्थियानं चित्रणासोबत प्रत्येक शब्दाचं भाषांतर पाठवलं, मिल्टोसकाकांच्या खोकल्याची नोंदही केली, पण थुंकण्याबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. श्वासाचं का कुणी भाषांतर करतं?

संस्थेतल्या परीक्षक हेडविग लुंड यांचा अहवाल आला. एव्हान्थियानं तो जेवताना मोठ्यानं वाचला.

“‘सदस्येनं चित्र पूर्ण करताच गटातील पुरुषानं त्यावर थुंकून तिरस्कार व्यक्त केला. इतरांनी त्याचं अनुकरण केलं. सर्वांत चिंताजनक बाब म्हणजे उपचारतज्ज्ञ स्वतःही थुंकल्या. थुंकताना त्या हसत होत्या.’”

“पुढे?”

“‘अनुत्तीर्ण ठरवण्यापूर्वी एकदा मुलाखत घेण्यात येईल.’”

पान्देलिसनं काटा खाली ठेवला. बायको एवढी पांढरी पडलेली त्यानं पाहिली नव्हती.

“त्यांच्याकडे बाळ जन्मलं की काय करतात मग?”

“नुसतं बघत असतील.”

“आणि जगतात ती?”

“आपल्यापेक्षा जास्त जगतात,” एव्हान्थिया म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

मुलाखत केंद्रातल्या खोलीतच झाली. एव्हान्थियानं पाठ केलेलं सगळं सांगितलं. हे संरक्षण आहे, प्रेम आहे, गटानं सदस्येला आपल्यात घेतल्याची खूण आहे. पडद्यावर हेडविगबाई शांतपणे टिपून घेत होत्या. ताठ बाई. वाईट मुळीच नव्हती, पण नियमांत वाढलेली.

“याला आधार कोणता?” त्यांनी विचारलं.

“माझ्या आईनं मला...”

“छापील आधार?”

छापील आधार नव्हता. थुंकणं कुणी छापत नाही. दाराबाहेर सोंगट्यावाल्यांनी पट उलगडल्याचा आवाज आला.

“ज्यांच्या चित्रावर हे झालं, त्यांना काय वाटलं, हे तुम्ही विचारलंत का?” हेडविगबाईंनी विचारलं.

एव्हान्थियानं विचारलं नव्हतं. चौथ्या धड्यात तेही होतं. पण पोलितिमीमावशी खोलीत होतीच. त्या दिवशी बैठक नाही असं सांगूनही ती उबेला येऊन बसली होती. एव्हान्थियानं तिला पडद्यासमोर आणलं.

“ही कोण?” मावशीनं विचारलं.

“माझ्या परीक्षक, मावशी.”

“हिनं माझं चित्र बघितलं?”

“हो.”

मावशी नाक काचेला लागेल इतकी पुढे झाली आणि दचकून मागे सरली. “अगं बाई! हिचे डोळे निळे आहेत!”

“मावशी...”

“निळ्या डोळ्यांची दृष्ट सगळ्यात आधी लागते! अशा बाईला चित्र दाखवलंस, आणि वर ती म्हणते थुंकायचं नाही? मिल्टोस थुंकला म्हणून वाचलं. आणखी दोघं तरी हवी होती.”

“काय म्हणतायत त्या?” हेडविगबाईंनी विचारलं.

एव्हान्थियानं क्षणभर विचार केला. मग, भाषांतर गाळल्यानंच हा घोटाळा झाला हे आठवून, सगळं जसंच्या तसं सांगितलं. हेडविगबाईंनी लिहून घेतलं, जांभई दाबली आणि माफी मागितली. या आठवड्यात त्या विभागप्रमुख झाल्या होत्या. तेव्हापासून डोकं कसं जड जड होतं. एव्हान्थियानं तेही मावशीला सांगितलं.

“अभिनंदन कुणी कुणी केलं?” मावशीनं विचारायला लावलं.

“सगळ्यांनी.”

“आणि थुंकलं कोण?”

“कोणीच नाही.”

“मग! डोकं दुखेल नाहीतर काय होईल पोरीचं?”

मावशीनं डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली, पडद्यावर क्रूस काढला, दृष्ट उतरत असल्याची खूण म्हणून स्वतः दोन मोठ्या जांभया दिल्या, आणि मग हेडविगबाईंच्या कपाळाच्या रोखानं, “फ्तू, फ्तू, फ्तू.” हेडविगबाई खुर्चीसकट मागे गेल्या.

“त्या... काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, देखणी आहेस, हुशार आहेस, तुला कुणाची नजर न लागो.”

हेडविगबाईंनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. “मला विभागातल्या सगळ्यांनी फुलांचा गुच्छ दिला. आणि एक कार्ड. कार्डवर सह्या होत्या.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “या बाईंना विचारा ना, सगळे चित्रावर थुंकले तेव्हा त्यांना काय वाटलं.”

मावशीला प्रश्नच विचित्र वाटला.

“काय वाटणार? चित्र बरं झालंय असं वाटलं. वाईट चित्रावर कोण तोंड वाया घालवतं?” तिनं पर्सचा खटका उघडला, उगाच पुन्हा बंद केला. “मी नवा झगा घातला की स्टेलिओस दारातच थुंकायचा. ओरडायचा तो, पण थुंकायचाही. तो गेल्यापासून माझ्यावर कुणी थुंकलं नव्हतं.”

एव्हान्थियानं याचंही शब्दन्‌शब्द भाषांतर केलं. हेडविगबाईंनी या वेळी काहीच टिपून घेतलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“डोकं थोडं हलकं वाटतंय,” त्या म्हणाल्या. “हे अहवालात येणार नाही.”

अहवालात आलं ते असं: ‘गटानं लाळेचा प्रतीकात्मक, नियंत्रित आणि स्थानिक परंपरेला धरून वापर केला. उपचारतज्ज्ञांनी त्यात योग्य प्रसंगी सहभाग घेतला. उत्तीर्ण.’ पान्देलिसनं ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलं आणि कॉफीच्या दुकानात जाऊन प्रत्येक टेबलाशी सांगितलं. सोंगट्यावाल्यांनी पट मिटला. ईस्टरला दोन दिवस असताना पदविका आली. पान्देलिसनं ती चौकटीत बसवून खोलीच्या भिंतीवर ठोकली, आणि गावातल्या ज्यानं त्यानं येऊन तिच्यावर थुंकून तिचं रक्षण केलं.

ईस्टरनंतरच्या पहिल्या सकाळी, अधिकृत कलोपचारतज्ज्ञ एव्हान्थिया नवं जाकीट घालून बसली. पहिली आली ती पोलितिमीमावशी. आज ती गटात नव्हे, एकटी आली होती. तिनं दार लावून घेतलं. समोर बसली. उसासा टाकला. काहीतरी मनात होतं, आणि ते जड होतं.

एव्हान्थिया थांबली. घाई केली नाही. शांततेला जागा दिली. मावशीनं भिंतीवरच्या पदविकेकडे पाहिलं, मग एव्हान्थियाकडे, मग पुन्हा पदविकेकडे.

“बोला मावशी. जे असेल ते बोला. इथं सगळं चालतं.”

“आता तू रंगकामाची मोठी परीक्षा पास झालीस,” मावशी म्हणाली. “गावातला रंगारी फार पैसे सांगतो गं. माझ्या खिडक्यांच्या झडपा तेवढ्या रंगवून दे. हिरव्या.”